स्मरणाची बारनिशी आणि स्मरणाचे दफ्तर

“हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही,” ही तक्रार साठी ओलांडलेल्या गृहस्थापासून दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलापर्यंत कोणाच्याही तोंडी आढळते. परंतु नेमके काय राहिले नाही, ते केव्हा निसटले आणि मुळात ते कोठे ठेवले होते काय, अशी उलटतपासणी सुरू केली की बहुधा तक्रारदारच प्रथम गोंधळात पडतो. अंधेरी स्थानकात संध्याकाळच्या गर्दीत उभा असलेला एखादा चाकरमाना गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा ऐकतो, जिन्याकडे धावतो, वाटेत कोणी ओळखीचा “काय, आज उशीर?” म्हणून हटकतो, आणि पुलावर पोहोचेपर्यंत नव्या फलाटाचा आकडा त्याच्या डोक्यातून साफ नाहीसा झालेला असतो, पण त्याच माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी चर्चगेटपासून अंधेरीपर्यंतची सोळा स्थानके तो एकही न गाळता, सुलट आणि उलट, घडाघडा म्हणून दाखवील. या माणसाची स्मरणशक्ती चांगली की वाईट, या प्रश्नाला एक उत्तर देता येत नाही, कारण स्मरण हे एका खात्याचे काम नव्हे. त्याची किमान दोन खाती आहेत, त्यांचे कायदे निराळे आहेत, आणि एका खात्याची अर्जी दुसऱ्यात दाखल करून फिर्यादीला न्याय मिळत नाही.

जुन्या मामलेदार कचेरीत आलेला प्रत्येक कागद प्रथम बारनिशी कारकुनाच्या मेजावर येई. मेज लहान आणि टपाल अखंड, त्यामुळे नवा कागद आला की जुना सरकला पाहिजे हे ठरलेलेच. आलेल्यांपैकी जे मोजके कागद रीतसर दफ्तरदाखल होत तेच रुमालात बांधून फडताळात जात आणि मग पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत. अल्पकालीन स्मृती ही मनाची बारनिशी, आणि दीर्घकालीन स्मृती हे त्याचे दफ्तर. या लेखात जे व्यावहारिक सांगावयाचे आहे त्याचा गाभा एवढाच की, आपण ज्याला विस्मरण म्हणतो त्याचा फार मोठा हिस्सा दफ्तरातून गहाळ झालेला नसतो. तो बारनिशीच्या मेजावरून पुढे गेलेलाच नसतो. म्हणून उपाय योजण्यापूर्वी तक्रार कोणत्या खात्यातील आहे हे प्रथम ठरवावे.

बारनिशीचे मेज किती लहान आहे, याचा अदमास एकदम लागलेला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात सात, दोन इकडे किंवा दोन तिकडे, हा आकडा सांगितला. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये सर्व पुरावा पुन्हा चाळून, मनातल्या मनात घोकण्याची सवड दिली नाही तर तो चारच्या आसपास येतो, असे दाखवून दिले. काळाचे बंधन तर याहून कडक. १९५९ साली पीटरसन दांपत्याने काही माणसांना केवळ तीन व्यंजने ऐकवली आणि लगेच एका मोठ्या संख्येपासून तीन-तीन वजा करीत उलटे मोजावयास लावले, म्हणजे ती व्यंजने मनात घोळवण्यास अवसरच ठेवला नाही; अठरा सेकंदांनंतर विचारले तेव्हा बहुतेकांजवळ जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते. पुलावर हटकणाऱ्या त्या स्नेह्याने हेच वजाबाकीचे काम केले. म्हातारपणाचा किंवा मेंदूच्या ऱ्हासाचा तेथे काहीएक संबंध नव्हता.

यावरून व्यवहाराला उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी निघतात. बँकेचा सहा आकडी ओटीपी आला असता तो वाचून संपेपर्यंत कोणाशी बोलू नये आणि तो पुटपुटत राहण्याची लाज वाटू देऊ नये, कारण सुमारे दोन सेकंदांत जेवढे उच्चारून होते तेवढेच पुटपुटण्याच्या जोरावर टिकते, हे ब्रिटनमधील ॲलन बॅडली यांनी १९७५ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले आहे. आकडे सुटे न ठेवता त्यांच्या जुड्या बांधाव्या. मुंबईचे दूरध्वनी क्रमांक पुढे २ लागून आठ आकडी झाले तेव्हा जुनी मंडळी ते “अठ्ठावीस, बत्तीस” असे जोडीजोडीने सांगत. त्यामुळे आठ वस्तूंच्या चारच वस्तू होत आणि मेजावर दाटी होत नसे. इंग्रजीत एकेक आकडा सुटा वाचणारी आजची मुले ही सोय हातची घालवतात, असे माझे मत आहे. तथापि त्यांना कोणाचाच क्रमांक पाठ ठेवावयाचा नसल्यामुळे ती ते मनावर घेणार नाहीत, हेही मी जाणून आहे.

कोणते काम कोणत्या खात्याकडे सोपवावे, याचा वस्तुपाठ मात्र अंधेरीकरांना सकाळच्या वेळी स्थानकाच्या आसपास फुकट पाहावयास मिळतो. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत सुरू केलेला डबेवाल्यांचा धंदा, मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या मुलखातून आलेल्या आणि प्रारंभी बव्हंशी निरक्षर असलेल्या माणसांनी वाढवला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्या व्यवस्थेत स्मरणाची वाटणी किती शहाणपणाने केलेली आहे, याकडे कौतुक करणाऱ्यांचेही सहसा लक्ष जात नाही. उपनगरातून निघालेल्या डब्याचे झाकण निरखून पाहावे. मध्यभागी ठळक आकडा, तो डबा शहराच्या कोणत्या भागात उतरावयाचा याचा. कडेला बारीक अक्षरांत कचेरीची इमारत, मजला आणि तेथे पोहोचवणाऱ्या गड्याची खूण. आणि शिवाय डबा ज्या स्थानकातून चढला त्याची अक्षरे, जशी विलेपार्ल्याची ‘व्हीएलपी’. बस्स, एवढेच. ज्या घरातून डबा निघाला त्या घराचा पत्ता झाकणावर नाही, आणि जेवणाऱ्याचे नावही नाही.

आता ही वाटणी तपासून पाहा. फलाटालगत डबे लावले जातात तेव्हा एकेका डब्याला मिळणारा वेळ काही क्षणांचा; नजर झाकणावर पडते, दोन-तीन खुणा मेजावर येतात, हात डबा योग्य त्या लाकडी घोडीत सरकवतो आणि मेज पुन्हा मोकळे होते. मागच्या डब्याची आठवण पुढच्या डब्यासाठी वागवण्याचे कारणच ठेवलेले नाही. डबा वाटेत अनेक हातांतून जातो आणि त्यांतल्या कोणालाही दुसऱ्याच्या टापूची माहिती असण्याची गरज नसते. ती झाकणावर लिहिलेली आहे. उलट, मरोळच्या अमुक चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची तिसरी खोली ही माहिती ज्याला लागते तो गडी महिनोन्‌महिने तोच जिना चढत असतो, सकाळी डबा उचलतो, दुपारी रिकामा परत करतो. म्हणून ती लिहिण्याची गरज नाही, ती त्याच्या दफ्तरात कायमची दाखल झालेली आहे. जे रोज एकाच माणसाच्या अंगावरून जाते ते डोक्यात, आणि जे हातोहात फिरते ते झाकणावर. वाचकांनी आपल्या घरात हीच कसोटी लावावी. विम्याच्या हप्त्याची तारीख वर्षातून एकदाच येते, डॉक्टरांनी बदललेली गोळी आठवडाभरच घ्यावयाची असते, गच्चीच्या टाकीची किल्ली आज या शेजाऱ्याकडे तर उद्या त्या शेजाऱ्याकडे असते. या गोष्टी ध्यानात ठेवण्याचा हट्ट धरणे हा पुरुषार्थ नव्हे. त्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहाव्या आणि मोकळे व्हावे.

ही दोन खाती खरोखरच वेगळी आहेत की पंडितांनी सोयीसाठी पाडलेली आहेत, अशी शंका घेणाऱ्यासाठी दोन रुग्णांची हकिकत सांगणे भाग आहे. हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे अतिशय तीव्र झटके येत. १ सप्टेंबर १९५३ रोजी डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, हिप्पोकॅम्पस नामक अवयवाचा बराच अंश ज्यात येतो असा, आतला भाग काढून टाकला. झटके आटोक्यात आले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणे नीट राहिले, सांगितलेले मोजके आकडे तो लागलीच बिनचूक परत म्हणे. परंतु लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले की आकडे गेले, आणि ते विचारणारा माणूसही गेला. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत पंचावन्न वर्षे नवा कागद त्याच्या दफ्तरात जवळजवळ चढलाच नाही; जुने, शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधीचे, मात्र जागच्या जागी होते. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला अनेक वर्षे तपासत राहिल्या, आणि प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्याच असत. त्याच्या नेमके उलटे उदाहरण ब्रिटनमध्ये सापडले: एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या ‘के. एफ.’ या रुग्णाला ऐकलेले एक-दोन आकडेसुद्धा धड परत म्हणता येत नसत, तरीही नव्या गोष्टी शिकून त्या दीर्घकाळ ठेवणे त्याला साधत होते. एकाची बारनिशी चालू आणि दफ्तर बंद, दुसऱ्याची बारनिशी मोडकी आणि दफ्तर चालू; यापुढे आणखी पुरावा काय हवा?

मिल्नर यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे काम मोलेसनला दिले असता तो दिवसेंदिवस त्यात तरबेज होत गेला, आणि दररोज, हे काम आपण पूर्वी कधीच केलेले नाही, असेच म्हणत राहिला. म्हणजे हाताची आठवण हे दफ्तराचे एक स्वतंत्र दालनच आहे म्हणावयाचे, ज्याची किल्ली जाणिवेकडे नसते. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये रहदारीला बंद झाला तेव्हा, बातमी वाचलेल्या, इतरांना सांगितलेल्या माणसांनीही आपली दुचाकी सवयीने जुन्या वळणावर नेल्याचे नवल वाटू नये. बातमी एका दालनात होती, वळण दुसऱ्यात. नवी सवय लावू पाहणाऱ्याने नुसता निश्चय करून भागत नाही, हे यावरून कळावे. नवे वळण अंगवळणी पडेपर्यंत जुन्या वळणावर एखादी खूण, एखादा अडसर, ठेवावा लागतो. घरातून निघताना छत्री विसरत असेल तर ती खुंटीवर न ठेवता चपलांवर आडवी ठेवावी.

आता मुख्य प्रश्न: मेजावरचा कागद दफ्तरात जातो कसा? हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ करून, ठरावीक अवधीनंतर त्या पुन्हा पाठ करावयास किती कमी वेळ लागतो याचे मोजमाप केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी मूळ श्रमांपैकी सुमारे ५८ टक्के वाचत, तासाने ४४, एका दिवसाने ३४, आणि एकतीस दिवसांनीही २१. ही टक्केवारी आठवलेल्या शब्दांची नव्हे, वाचलेल्या श्रमाची आहे, एवढे लक्षात घ्यावे. पुष्कळ पुस्तकांत ती उगाच पहिल्या अर्थाने छापतात. त्यातून निघणारा बोध असा की, गळती प्रारंभी फार आणि मागाहून फारच थोडी असते, म्हणून डागडुजीही प्रारंभीच करावी. पुढे १९०० मध्ये म्युलर आणि पिल्झेकर यांनी, नव्या आठवणीला पक्के होण्यासाठी अवधी लागतो आणि त्या अवधीत दुसरे काही शिकल्यास ती बिघडते, असा सिद्धांत मांडला. आणि १९२४ मध्ये जेंकिन्स व डॅलेनबाख यांनी, पाठांतरानंतर झोपलेल्यांना जागे राहिलेल्यांपेक्षा अधिक आठवते, असे दाखवले. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या समुद्री गोगलगाईवरील संशोधनासाठी, तिच्यातही हेच दिसले: तात्पुरत्या आठवणीला मज्जापेशींतील असलेल्या सामग्रीची फेरजुळणी पुरते, टिकाऊ आठवणीला नवी प्रथिने तयार व्हावी लागतात आणि नवे सांधे फुटावे लागतात. बांधकामाला वेळ लागतोच. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून चार धडे कोंबणारा विद्यार्थी गवंड्याला रजा देऊन विटा मागवत असतो.

या बाबतीत आपल्या आजोबांच्या पिढीची रीत, कारण ठाऊक नसतानाही, बिनचूक होती. तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा म्हणावयाचा. रामरक्षा, पाढे, पावकी, निमकी, दिडकी, सारे काही पुस्तक न उघडता, तोंडाने, रोज. यात दोन गोष्टी साधत: एक, उजळणी एका दमात न होता दिवसांच्या अंतराने होई; आणि दुसरी, अधिक महत्त्वाची, मूल वाचत नसे, आठवत असे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांवर केलेला प्रयोग येथे चपखल बसतो. एका तुकडीने उतारा पुन्हा वाचला, दुसरीने तो मिटून आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्याने विचारले तेव्हा आठवणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचा वाटणे म्हणजेच येणे, अशी फसगत होते. घोकंपट्टीवर टीका करणाऱ्या सुधारकांनी अर्थ न समजता घोकण्याची निंदा केली ती योग्यच होती, पण त्या भरात पाठांतरच हद्दपार झाले हे बरे झाले नाही.

वर्सोव्याहून घाटकोपरला मेट्रोने जाणाऱ्या विद्यार्थ्याला मी सुचवीन ते असे. बारा स्थानकांचा हा प्रवास वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे एबिंगहाउसच्या हिशेबातील पहिली मोठी गळती होण्याचा नेमका अवधी. घरून निघण्यापूर्वी एक प्रकरण समजून घेऊन वाचावे, पुस्तक पिशवीत घालावे, आणि गाडी सुटल्यावर त्यातील मुद्दे पुस्तक न काढता मनाशी मांडावे. अडले तर अडू द्यावे, थोडे झगडावे, मग उतरल्यावर पाहावे. संध्याकाळी परतताना तेच पुन्हा, दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. नव्या मजकुराला पूर्वी ठाऊक असलेल्या कशाशी तरी जोडून ठेवावे, कारण दफ्तरातला कागद सापडतो तो ज्या रुमालात बांधला त्या रुमालाच्या खुणेने, आणि एकाकी कागदाला खूणच नसते. रात्री झोप पुरी घ्यावी. याहून गुप्त अशी विद्या या विषयात नाही, आणि ती विकणाऱ्यांच्या वर्गाला पैसे भरू नयेत.

दफ्तरात असलेले ऐन वेळी सापडत नाही, ही तिसरी तक्रार. तिचे एक कारण जुन्याचा नव्याला होणारा अडथळा. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तरी जुन्या प्रवाशाच्या तोंडी आधी एल्फिन्स्टन येते आणि मग तो जीभ चावतो. एटीएमचा नवा पिन आठवू पाहताना जुनाच बोटांवर येतो तोही याच न्यायाने. अशा वेळी जोर करण्याने अडथळाच बळावतो. काम सोडून द्यावे, जागा बदलावी, किंवा जेथे तो विचार प्रथम आला त्या खोलीत परत जावे. दुसरी गोष्ट अशी की, आपल्या उपमेतील दफ्तर येथे थोडे अपुरे पडते. कागद फडताळातून काढला आणि परत ठेवला तरी त्यावरची अक्षरे बदलत नाहीत, आठवणीची बदलतात. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये आणि एलिझाबेथ लोफ्टस यांनी १९७४ पासून पुढे हे वारंवार दाखवले की, सांगताना, ऐकताना, विचारलेल्या प्रश्नातील शब्दांमुळेसुद्धा, आठवणीत नवी भर पडते आणि सांगणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. म्हणून द्रुतगती मार्गावर अपघात डोळ्यांदेखत घडला, किंवा सोसायटीत तंटा झाला आणि पुढे जबानी देण्याचा प्रसंग येण्यासारखा असला, तर इतरांशी चर्चा करण्यापूर्वी, त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने, वेळ घालून हकिकत लिहून ठेवावी.

उरला प्रश्न घरातील वृद्धांचा. सात बंगल्याचा समुद्रकिनारा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कसा होता हे बारकाव्यानिशी सांगणारे आजोबा सकाळची गोळी घेतली की नाही हे सांगू शकत नाहीत, तेव्हा “तेवढे बरे आठवते!” असा टोमणा मारला जातो, आणि तो सर्वस्वी अन्यायाचा आहे, कारण नवे आधी जाते आणि जुने शेवटपर्यंत टिकते, हे तेओद्युल रिबो या फ्रेंच विद्वानाने १८८१ मध्येच नमूद केले होते. वारांचे कप्पे असलेली औषधाची डबी आणावी, म्हणजे प्रश्न स्मरणाचा न राहता कप्पा रिकामा आहे की भरलेला एवढाच राहतो. “ओळखा पाहू मी कोण” असली परीक्षा पाहुण्यांना घेऊ देऊ नये. आपले नाव सांगूनच बोलण्यास प्रारंभ करावा. नाव जिभेवर न येणे, चष्मा कोठे ठेवला ते विसरणे, ही वयाची लक्षणे. परंतु दहा मिनिटांत तोच प्रश्न तीनदा विचारणे, रोजच्या वाटेवर चुकणे, नेहमीचा हिशेब न जमणे, गॅस वारंवार उघडा राहणे, अशी चिन्हे दिसू लागली तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव (शाकाहारी कुटुंबांत ती विशेष आढळते), थायरॉइडचा मंदपणा, उदासीनता, निद्रानाश, झोपेच्या काही गोळ्या, किंवा केवळ कानाला नीट ऐकू न येणे, ही कारणे सापडली तर त्यांवर इलाज आहे. एकाएकी विस्मरण होऊन बोलणे जड झाले किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र तपासणीची तारीख घेत बसू नये, त्याच घटकेला कूपर रुग्णालयात किंवा जे जवळ असेल त्या इस्पितळात न्यावे.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन आठवड्यांची नोंद बरोबर न्यावी: कोणत्या दिवशी, काय विसरले, किती वेळाने आठवले, सुचवल्यावर आठवले की सुचवूनही नाही. सुचवल्यावर आठवले तर कागद दफ्तरात होता आणि सापडत नव्हता. सुचवूनही आठवले नाही तर तो दाखल झालाच नसावा, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत जोडावी. ही नोंद रुग्णाने नव्हे, त्याच्याबरोबर राहणाऱ्याने लिहावी, आणि रुग्णाला ती दाखवूनच न्यावी.